बाळंतिणीच्या खोलीत ऊन नव्हतं

"कॅल्शियम खूप उतरलंय, म्हणून झटके आले," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी बाबूचे दोन्ही पाय धरून उभी होते, आणि मी एकच विचारत होते, त्याचं डोकं नाही ना बिघडलं, डोकं नाही ना बिघडलं. त्या म्हणाल्या, "आज तरी तसं वाटत नाही. तीन दिवस बघूया."

बाबू तेव्हा दोन महिन्यांचा.

त्या दुखण्याला हायपोकॅल्सेमिया म्हणतात. म्हणजे रक्तातलं कॅल्शियम कमी होतं आणि मग हातपाय आपोआप झटके देतात. ते कशानं झालं, तर व्हिटॅमिन डी नाही. ते अंगावर ऊन पडलं की तयार होतं. पोटातल्या बाळाला ते आईकडून मिळतं. माझ्याकडेच नव्हतं, त्याला कुठून देणार.

मी आठवीपर्यंत शिकलेली. मला लिहायची सवय नाही, पण तुमच्यातली कोणी आता बाळंतीण असेल म्हणून लिहिते.

माझं माहेर पेडण्याचं, पण आई नाही, म्हणून बाळंतपण इथे डिचोलीलाच सासूबाईंनी केलं. पावसाळाभर मी घरात, गणेशचवथीनंतर पाय सुजले म्हणून घरात, मग बाळंतपण. आमचं घर खाणीच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून, लाल धूळ येते. खोलीला एकच जनेल, म्हणजे खिडकी, त्याला प्लास्टिक मारलेलं. शेक, धुरी, तेल सगळं वेळच्या वेळी. मला काही कमी नव्हतं. पण ऊन पाहिजे असं वाटायचं, इतकं वाटायचं की दोरीवरची लंगोटं आत आली की मी आधी ती गालाला लावायची. गरम असायची. तेवढंच माझं ऊन.

एकदा सासूबाईंना म्हटलं, आई, मी जरा खळ्यात, अंगणात बसू? तर त्या म्हणाल्या, "उन्हात घालूक तू काय सुको बांगडो गो?" मी पण हसले. आमच्यात बाळंतीण तीन महिने वाऱ्यावर जात नाही.

थंडी सरत आली आणि आठ दिवस मळभ आलं. लंगोटं निखाऱ्यावर सुकवायला लागलो, त्यांना धुराचा वास. मग ते गालाचं ऊनही गेलं.

त्यातल्याच एका सकाळी आंघोळ घालून बाबूला पुसत होते, तर त्याचा डावा हात उडायला लागला. मला वाटलं थंडी वाजली. मग डोळे वर गेले. आमचे हे ड्युटीवर. शेजाऱ्यांच्या रिक्षातून तालुक्याच्या इस्पितळात गेलो, तिथून ॲम्ब्युलन्सनं मोठ्या इस्पितळात. वाटेत आणखी दोनदा झटका आला. सासूबाई त्याच्या कानात देवाचं नाव घेत होत्या आणि मी फक्त छाती हलते का बघत होते.

पहिला दिवस. सलाईनमधून कॅल्शियम, अगदी थेंब थेंब. जोरात दिलं तर काळजावर ताण येतो, म्हणून छातीला वायरी आणि मॉनिटर, म्हणजे काळीज कसं चाललंय ते दाखवणारं मशीन. डोक्याची सोनोग्राफी केली, ती चांगली आली. माझंही रक्त काढलं. डी कमी, हिमोग्लोबिन कमी. जिना चढताना मला धाप लागायची, हाडं दुखायची, मला वाटायचं बाळंतपणात असंच असतं.

दुसऱ्या दिवशी एक छोटा झटका. मी ओरडले. नर्स धावत आली, तोवर थांबला. मग मी त्याच्या हातावरची नजर काढलीच नाही. यांनी चहा आणि उंडे पाव आणले, ते तसेच राहिले.

तिसऱ्या दिवशी झटका नाही, सलाईन काढली, आणि वॉर्डच्या खिडकीतून ऊन आलं. मी बाबूला घेऊन धावले, त्याचं झबलं वर केलं, किती बरं वाटलं. नर्स म्हणाली, "अगं, काच बंद आहे. काचेतून नुसती ऊब येते, डी नाही मिळत." तरी मी तिथेच उभी राहिले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. "शेवटची उन्हात कधी बसलीस?" मला आठवेना. सासूबाईच म्हणाल्या, आमच्यात तीन महिने बाहेर सोडत नाहीत.

"आजी, तुम्ही बसला होता तीन महिने आत?"

सासूबाई पदराशी खेळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माका बाराव्या दिसाक शेतात धाडलेली, बाय. लावणीचे दीस. कोणी बस म्हणूक नाय. म्हणान हिका म्हटलां, तू तरी बस."

मला रागाचं काहीतरी बोलायचं होतं. तीन दिवस मनात जमवलेलं. ते सगळं गेलं.

डॉक्टरीणबाईंनी थेंबांची बाटली त्यांच्याच हातात दिली. "रोज तुम्ही द्यायचे. ऊन एकटं पुरत नाही, थेंब चुकवायचे नाहीत."

त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. बाबू आता पाच महिन्यांचा आहे, झटका परत आला नाही, आवाज आला की मान वळवतो. डॉक्टर म्हणाले, वाढ बरोबर आहे. तुम्ही पण बाळाच्या थेंबांचं विचारा, आणि धाप लागली तर तुमचं रक्त तपासून घ्या. विचारायला लाजू नका.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी धुकं उठलं तसं मी खळ्यात बसले, बाबू मांडीवर, डोळे बारीक करून. सासूबाई दारात उभ्या. मी म्हटलं, "आई, बसा तुम्ही पण."

"आणि भात?"

"मी बघते. बसा."

बसल्या. पाय लांब केले. थोड्या वेळानं त्यांचे डोळे मिटले. भात लागल्याचा वास आला तेव्हा मी बाबूला घेऊन हळूच उठले, त्यांना जाग येऊ न देता.