मधे ठेवलेलं सूप

सोमवारी महाळुंग्याला ताईला सासरच्या विहिरीतून काढलं. तिला दिवस गेले होते.

त्याआधीच्या थंडीत ती आणि दाजी रविवारी इंद्रायणी ओलांडून पिंपरीला येत. दाजी तिथल्या कारखान्यात कामाला होते. त्यांचा मुलगा गोवराने गेला, तेव्हापासून दोघांत बोलणंच उरलं नव्हतं. कामगारांच्या घरातली अशी दुखणी कारखान्याच्या कल्याण विभागातल्या एक बाई पाहत. त्या फारसं विचारत नसत. नवराबायकोच्या मधे पावट्याच्या शेंगांनी भरलेलं सूप सोलायला ठेवत आणि स्वतः आत जात. मी चिंचवडहून ताईच्या सोबतीला जाई आणि बाईंच्या घराच्या पायरीवर पुस्तक उघडून बसे.

कितीतरी रविवार नुसता शेंगा फुटण्याचा आवाज. मग एकदा ताई म्हणाली, "किडका दाणा टाकलात त्यात."

"आमटीत कळत न्हाई."

"तुम्हाला कधी काय कळलंय?"

दाजी हसले. पुढची शेंग सोलत म्हणाले, "त्याला पावटं आवडायचं न्हाईत."

"थुंकायचा. तुमच्याच अंगावर."

मग दोघं रडली. बाई बाहेर आल्या नाहीत.

पुढे ताईला दिवस गेले. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "पोटुशीनं नदी वलांडायची न्हाई. आन् आता रडायचं कारन तरी काय? देवानं परत दिलं की."

मी बाईंना हे सांगितलं. "आता तर तिला बोलायलाच हवं," त्या म्हणाल्या आणि मला घेऊन महाळुंग्याला निघाल्या. ओसरीवर सासूबाई मधोमध बसल्या. "बोल की गं. आमच्यापासून काय चोरायचंय?"

"बरं आहे माझं," ताई म्हणाली. ती शेंगा सोलत होती. दाणे शेळीपुढे टाकत होती आणि टरफलं सुपात ठेवत होती.

सुपातली टरफलं बघून बाई उठल्या. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्यांनी दाजींना कारखान्याच्या फाटकाशी गाठलं. मी शेजारी उभी होते.

"तिला एकटीला ठेवू नका. आजच माहेरी आणा."

"आईला इचारतो," दाजी म्हणाले. "मधी नदी हाय ना."

दाजींनी दुसरं लग्न केलं नाही. अजून रविवारी ते माझ्याकडे येतात. मी मधे सूप ठेवते. आम्ही शेंगा सोलतो.