गाभोळीची मरळ

लहानपणी बाबांच्या गळाला मासा लागला नाही, तर आमच्या ताटात मिठाशी भाकरी असायची. काल धरणावर बाबा आणि मी गळ टाकून बसलो होतो, तेव्हा शेजारी एका पाहुण्याने हातभर मासा ओढला, फोटो काढला आणि सोडून दिला.

"पोट भरलेल्यांचे खेळ!" बाबा पुटपुटले.

मी हसले, पण चैन पडेना. सोडायचाच, तर त्याचा ओठ फाडायचा कशाला? आणि घरात खायला असताना मारायचा तरी कशाला? तेवढ्यात माझ्याच गळाला मरळ लागली. पोट गाभोळीने टम्म फुगलेलं. ही अंडी आम्हा सगळ्यांच्या आवडीची.

"शिकलीस ना बाई? मग तूच ठरव," मला घुटमळताना पाहून बाबा म्हणाले.

मूठ लवकर उघडेना. शेवटी मरळ पाण्यात सोडली.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हातातला मासा सोडणारीही मीच पहिली.