हलकी गाडी

माझी धाकटी बहीण मीनल बाबांची जुनी गाडी शर्यतीसाठी तयार करत होती. सरळ पट्टीवर दोन गाड्या सोडायच्या आणि आधी पोचेल ती जिंकली, अशी ती शर्यत. इंजिनाला टर्बो बसवून झाल्यावर तिनं वजन उतरवायला घेतलं. आधी मागची सीट अंगणात आली, मग पुढची डावीकडची, आई बसायची ती. बाबा नुसत्या येरझाऱ्या घालत होते.

“आता यात माणसं कुठं बसणार गं?”

“मी एकटीच बसणार, बाबा.”

तेव्हापासून मला चैन पडेना. वेग हवा असला की आधी आपलीच माणसं उतरवावी लागतात का? की ती मुकाट्यानं उतरतात, म्हणूनच कुणाला तरी सुसाट सुटता येतं?

शर्यतीच्या दिवशी बाबा माझ्या शेजारी कठड्यापाशी उभे होते. हिरवा दिवा लागला आणि गाडी किंचाळत सुटली. मला तिकडे बघवेना, म्हणून मी मान खाली घातली. बाबांचा उजवा पाय ब्रेक दाबावा तसा मातीत रुतला होता.

“मीनल जिंकली!” मागून कुणीतरी ओरडलं.

“थांबली का पण ती?” बाबांनी विचारलं.