कोंढ्याची पिल्लं

मामीचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याला घरीच होते. "तुझे मामा गेले वो बाई... झोपेतच गेले. राणी त्यायच्या पायापासून उठूनच नाही राहिली." राणी म्हणजे मामांची अल्सेशियन कुत्री. कारध्याच्या पुलावर आले तर वैनगंगा धुक्यात पुसून गेलेली. पुढे मामांच्या गावापर्यंत, कोंढ्यापर्यंत, पिकलेल्या धानाच्या बांध्या धुक्यातून वर यायच्या, पुन्हा बुडायच्या. वेड्यासारखं वाटत राहिलं, धुकं विरायच्या आत पोचले तर मामा दारात उभे असतील... आज महिना उलटून गेला, तरी ते धुकं मनातून हललेलं नाही.

धनराजमामा धानाचे शेतकरी. कुत्र्यांचं वेड तरुणपणीच लागलेलं. पहिला कुत्रा, शेरा, त्यांनी नागपुरातल्या एका विक्रेत्याकडून आणला, आईपासून फार लवकर तोडलेला. वाढला देखणा, पण ऐन उमेदीत त्याचे मागचे पाय गेले. खुब्याचा दोष आईबापाकडून आलाय, असं डॉक्टर म्हणाले. मी तेव्हा शाळेत होते. सुट्टीतलं एक दृश्य अजून डोळ्यांपुढे तरंगतं : वासराएवढ्या शेराला उचलून मामा तलावाच्या पाळीवरून चाललेत आणि तो त्यांच्या खांद्यावरून मागे बगळ्यांकडे बघतोय... तो गेल्यावर मामांनी ठरवलं, आपल्या हातून तरी असं पिल्लू जन्माला यायचं नाही. पुढे पाळलेल्या प्रत्येक मादीचे खुबे ते तपासून घेत. कित्येक वर्षं एकही पिल्लू काढलं नाही. काढलं तरी आधी मागणाऱ्याचं घर बघून येत. दारात साखळीचा खिळा दिसला, की नुसता चहा पिऊन परत.

मामीला हे पटायचं नाही. घरामागच्या सांदवाडीत तिची गावठी कुत्री सुखानं नांदायची. "मानसाची जात पुसू नोका म्हनता, अन् कुत्र्याची बरी पुसता!"

"जात नाही पुसत वो, मायबाप पुसतो," मामा म्हणायचे. "शेराचे कोनं पुसले नाही, मनून तो रांगत मेला."



राणीसाठी मामांनी चांगला नर शोधला होता, पिल्लांसाठी घरंही ठरली होती. पण राणीनं आधीच आपलं ठरवलं होतं : मामीचा गावठी भुऱ्या! पिल्लं झाली ती बहुतेक भुरकट, एक कान उभा, एक पडलेला. ठरलेली माणसं गाडीतून उतरली, बघितलं आणि परत फिरली. गावातले म्हणाले, तलावापलीकडे सोडून या. एक दलाल मात्र थांबला. दोन पिल्लं आईवर गेलीत, अल्सेशियन म्हणून सहज खपतील, म्हणाला. मामा हसले. "बापाचं नाव लपवून लेकरं कायले देऊ गा?"

तो सारा हिवाळा ते शालीत पिल्लू गुंडाळून गावोगाव हिंडले. लाखांदूरच्या एसटीत एकदा मीही सोबत होते. शालीतून डोकावणारं तोंड बघून कंडक्टरनं विचारलं, "कोनत्या जातीचं हाय, काका?"

"कोंढ्याचं," मामा म्हणाले.

लाखांदूरला ज्या बाईंकडे पिल्लू द्यायचं होतं, त्यांनी काहीच विचारलं नाही. पिल्लाला पदरात घेतलं आणि त्याच्याशीच बोलू लागल्या. मामांनी तरीही भिंती न्याहाळल्या, खिळा शोधला, नव्हता. परतताना ते खिडकीबाहेर बघत होते, हात मात्र रिकाम्या शालीखालीच... जणू तिथं अजून काहीतरी श्वास घेत होतं.

सगळी पिल्लं रांगेला लागल्यावर मामांनी राणीची नसबंदी करून घेतली. "हरले ना?" मामीनं हसत विचारलं.

"हरलो नाही वो. पिल्लं काढाची तं मायबाप पाहूनच काढाची, हे अजूनबी सांगीन. पन इतक्या गावांत हिंडलो, जिथं तिथं बिनघरची लेकरं पाह्यली... पयले त्यायले घर भेटू दे."

परवा कोंढ्याला गेले होते. आंब्याखाली मामांची बाज तशीच आहे. दुपारी ते एक हात खाली लोंबता ठेवून झोपायचे आणि जे कुत्रं येई, ते त्या हाताखाली डोकं सारून बसे. मामी म्हणाली, "पड घडीभर." मी पडले. पानांतून ऊन गळत होतं, डोळे जड झाले, हात आपसूक खाली गेला... मग बोटांना ओलं नाक लागलं आणि एक ऊबदार डोकं तळहाताखाली शिरलं. राणी होती की सांदवाडीतलं कुणी, कळलं नाही.

मी डोळे उघडले नाहीत.