स्रोत : चाचांचं दुकान

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते इस्लामपुरातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानाच्या मालकांचे. सारा बाजार त्यांना चाचा म्हणतो, मीही चाचाच म्हणतो. त्यांचं खरं नाव मी एकदा एका कागदावर लिहिलं आणि त्यावरून जे झालं ते इथे सांगतो आहे. इथे ते नाव लिहीत नाही. त्यांना विचारल्याशिवाय पुन्हा लिहायचं नाही, एवढं शहाणपण मला आता आलं आहे.

माझं गाव वडूजच्या पुढे. वडील गवंडीकाम करतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी मावशीकडे राहून इस्लामपुरात बी.एस्सी. कॉम्प्युटरला होतो आणि मावसभावाचा जुना लॅपटॉप वापरत होतो. पहिल्याच वर्षी त्याचा पडदा काळा पडला म्हणून मी चाचांच्या दुकानात गेलो. त्यांनी तो माझ्यासमोर उघडला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"काय दिसतंय?"

"काही नाही, चाचा."

"काही न्हाई असं नसतं. पुन्हा बघ."

तिसऱ्या वेळी मला एक पट्टी किंचित वर उचललेली दिसली. त्यांनी ती बोटाने दाबली आणि पडदा उजळला. त्या दिवसापासून मी त्या दुकानाचा झालो. कॉलेजात मी व्याख्या पाठ केल्या, पण बघायला मला या दुकानाने शिकवलं.

चाचा शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून येत आणि अडीचच्या सुमारास दुकान उघडत. चारपर्यंत गिऱ्हाईक फिरकायचं नाही. त्या दीड तासात आमची बैठक भरायची. चाचा, निवृत्त झालेले एक शाळामास्तर ज्यांना आम्ही गुरुजी म्हणायचो, लग्नाचे व्हिडिओ जुळवणारा शेजारचा स्टुडिओवाला आणि मी. माझं दुपारचं प्रॅक्टिकल बुधवारी असायचं, त्यामुळे शुक्रवार मोकळा. विषय दोनच होते. पुढच्या वर्षी कुठलं ग्राफिक्स कार्ड येणार, प्रोसेसर किती तापणार, हा एक. दुसरा, अवकाशातले आणि यंत्रमानवांचे सिनेमे. गुरुजींना या सिनेमांचं वेड होतं. स्टुडिओवाल्याला अफवांचं वेड होतं, कारण त्याचं मशीन लग्नसराईत हमखास रडायचं.

हे दोन्ही विषय एकमेकांत इतके मिसळायचे की कुणालाच पत्ता लागायचा नाही. स्टुडिओवाला सांगायचा, "गड्या, नवं कार्ड येतंय, बोलायच्या आत चित्र काढतंय." गुरुजी म्हणायचे, "हो, आणि मग ते कार्ड कप्तानाचं ऐकेनासं होतं." अर्धा तास वाद झाल्यावर कळायचं की एकजण कंपनीबद्दल बोलतोय आणि दुसरा यानाबद्दल. एकदा स्टुडिओवाल्याने गुरुजींच्या सिनेमातलं यंत्र खरं समजून त्यावर लग्नाचा व्हिडिओ करून द्यायचं वचन एका गिऱ्हाइकाला दिलं. त्यानंतर चाचांनी नियम केला. बातमी सांगायची असेल तर पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, हातात घ्यायचा. सिनेमा सांगायचा असेल तर धूळ झाडायचा ब्रश. हातात काहीच नसेल तर गप्प बसायचं.

"आवं चाचा, आमी काय तमाशातली सोंगं हाय का?" स्टुडिओवाला म्हणाला.

"सोंग नको म्हणूनच केलंय," चाचा म्हणाले. "धर पेचकस आणि बोल."

चाचा स्वतः अफवा आणत नसत. ते फक्त तपासत. कुणी म्हणालं की नवं कार्ड अमुक इतकी वीज खाणार, की ते खोलून ठेवलेल्या कॅबिनेटकडे बघत. "एवढा ताप असंल तर हितं बसायचं न्हाई. म्हंजे बातमी खोटी, न्हाईतर कॅबिनेट तरी नवं येणार. दोन्हीपैकी एक." सहा महिन्यांनी कार्ड यायचं आणि त्यांचं बोलणं खरं ठरायचं. त्यांनी कधी एकही संकेतस्थळ उघडलं नव्हतं. सातवी शिकलेला हा माणूस यंत्राकडे बघून पुढचं ओळखत होता.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करायचा होता. वर्गातल्या सगळ्यांनी वाचनालयाची आणि हॉस्टेलची सॉफ्टवेअरं घेतली होती, दर वर्षी तीच असतात. मी ठरवलं, आमच्या शुक्रवारांचं सॉफ्टवेअर करायचं. येणाऱ्या वस्तूंबद्दलची प्रत्येक अफवा त्यात नोंदवायची, कुणी सांगितली, कशावरून सांगितली, आणि वस्तू बाजारात आली की ती खरी ठरली का खोटी ते लिहायचं. स्रोताच्या रकान्यात मी जिथे ऐकलं तेच लिहिलं. बहुतेक ठिकाणी शब्द होते : चाचांचं दुकान.

चूक फेब्रुवारीत झाली. मी बैठकीला उशिरा पोचलो. चाचा कुणाच्यातरी मशीनमधली धूळ काढत होते, म्हणजे ब्रश त्यांच्या हातात होता. गुरुजी नव्या सिनेमाबद्दल बोलत होते आणि ब्रश मोकळा नव्हता म्हणून त्यांनी तेवढ्यापुरता पेचकस घेतला होता. मी दारातून आलो, पेचकस पाहिला आणि बाकावर बसता बसता फोनमध्ये नोंद केली : थंडीत स्वतःला सांधणारं मदरबोर्ड, चाचणी सुरू. कुणाला विचारलंही नाही. नियमावर माझा तेवढा विश्वास होता.

मार्चमध्ये लॅबमध्ये प्रोजेक्ट दाखवायचा होता. आमचे मार्गदर्शक सर नोंदी खाली सरकवत होते आणि एका ओळीवर थांबले.

"स्वतःला सांधणारं मदरबोर्ड. थंडीत. हे काय आहे?"

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, फ्रिजमध्ये ठेवायचं असंल!" सगळी लॅब हसली. मला त्याच क्षणी गुरुजींचा चेहरा आठवला, यानाचं वर्णन करताना ते डोळे मिटायचे तो. ती सिनेमातली गोष्ट होती.

"स्रोत, चाचांचं दुकान," सरांनी मोठ्याने वाचलं. "कुठलं दुकान? किराणा?"

पुन्हा हशा. मग सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मला इथे लिहायला हवं. माझ्या फीमाफीच्या अर्जावर त्यांनी दोनदा सही केली होती.

"हे बघ," ते म्हणाले, "सांगलीहून परीक्षक येणार आहेत. स्रोताच्या रकान्यात संकेतस्थळांची नावं घाल. आणि ऋणनिर्देशाचं पान पाहिलं मी तुझं. प्राचार्यांच्या आधी दुरुस्तीवाल्याचं नाव? ते काढ. डिपार्टमेंटची लाज निघेल."

"सर, मदरबोर्डची चूक माझी आहे. ती चूक म्हणून दाखवतो. पण दुकान काढत नाही."

"का?"

"मी ते संकेतस्थळावर वाचलेलंच नाही. ती एक नोंद आधीच खोटी आहे, तसं लिहिलं तर बाकीच्या सगळ्याही खोट्या होतील."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "तुझा पहिला वर्ग काठावर आहे. पहिला वर्ग नसेल तर एम.एस्सी.ला कोण घेणार तुला? अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत आणि मी असला अहवाल चांगला म्हणून देऊ शकत नाही. घरी विचारून ये."

घरी विचारण्यासारखं काही नव्हतं. वडील म्हणाले असते, साहेब म्हणतील तसं कर. त्यांनी आयुष्यभर तेच केलं आहे. मी दुकानात गेलो आणि ऋणनिर्देशाचं पान चाचांसमोर ठेवलं. त्यात लिहिलं होतं, की या प्रोजेक्टमधली बघण्याची रीत अमुक यांची आहे, आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव, दुकान, बाजारपेठ.

चाचांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग पान उलटं करून ठेवलं.

"फाड."

"का?"

"सातवी पास माणसाचं नाव बी.एस्सी.च्या पुस्तकात कशाला? साहेबांचं घाल. माझं काय काम?"

"काम तुमचंच आहे, चाचा."

"बेटा, ऐक. आपल्या पोराला डिग्री मिळाली यात आम्ही खूश. नाव कशाला पायजे?"

स्टुडिओवाला आत डोकावला. "काय रं, इथं काय मयत झालंय?" त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "पेचकस हातात घे आन् सरांस्नी सांग, ही बातमी हाय, सिनेमा न्हाई." चाचाही हसले. मला वाटलं, त्यांनी मानलं. त्यांनी मानलं नव्हतं.

मी पान काढलं नाही. मदरबोर्डची नोंदही पुसली नाही. तिच्यापुढे लिहिलं : चूक, सिनेमातली गोष्ट, नोंदवणाऱ्याने विचारलं नाही. पेचकस आणि ब्रशचा नियमही एका परिच्छेदात लिहिला, तो कसा मोडला तेही. सरांनी सही केली, पण माझ्याकडे न बघता.

सांगलीच्या परीक्षक मॅडमनी अहवाल शेवटाकडून चाळला. चुकीच्या नोंदीवर बोट ठेवून विचारलं, "ही का ठेवलीत?"

"मॅडम, खोट्या ठरलेल्या सगळ्या ठेवल्यात. माझी तेवढी कशी काढू?"

"आणि ज्यांचं नाव आहे ते काय शिकवायचे?"

"काय दिसतंय ते विचारायचे."

त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर मला आलं नाही. "बरं," म्हणाल्या. त्या खूश होत्या की नाही हे मला आजही माहीत नाही.

निकाल लागला. पहिला वर्ग थोडक्यात गेला. एम.एस्सी. राहिली ती राहिलीच. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, दुसऱ्या वर्गात. वडिलांनी वर्ग विचारला नाही. गावातल्या चौकात पेढे वाटले.

चाचांनी मात्र विचारला. मी पेढे घेऊन दुकानात गेलो होतो. त्यांनी गुणपत्रिका हातात घेतली, बघितली आणि पेढ्याचा बॉक्स बंद केला.

"माझ्या नावापायी तुझा वर्ग गेला. मी सांगितलं होतं, फाड म्हणून. हे ओझं मी कुठं ठेवू? आता हितं येत जाऊ नको."

"चाचा…"

"जा म्हणलं ना."

मला साताऱ्यात एका छोट्या कंपनीत शाळांची आणि दवाखान्यांची मशीनं सांभाळायचं काम मिळालं. काम चांगलं आहे. मी चाचांना फोन करत राहिलो, ते उचलत नव्हते. मेसेजवर निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. स्टुडिओवाला सांगायचा, "लय कडू झालाय म्हातारा. गुरुजी आलं तर ब्रश बी देत न्हाई." सहा महिने झाले. मग मी साताऱ्याच्या पोस्टातून पत्र पाठवलं. पत्राला निळ्या खुणा नसतात आणि पाकीट परत आलं नाही तर ते उघडलं असं समजता येतं. ते पत्र असं :

चाचा, सलाम.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहितो. हे पत्र मोठ्याने कुणाकडून वाचून घेऊ नका, तुम्हीच वाचा.

तुमच्या नावामुळे माझा वर्ग गेला हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. नाव मी लिहिलं, तुम्ही नाही म्हणाला होतात. म्हणजे जे झालं ते माझं आहे. ते तुम्ही उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलं, हे मला न विचारता केलंत. मीही तुम्हाला आधी न विचारता नाव लिहिलं, त्याबद्दल माफी मागतो. पण लिहिलं याबद्दल मागत नाही.

तुम्ही म्हणालात सातवी पास माणसाचं तिथे काय काम. चाचा, त्या पुस्तकात माझ्या हुशारीचं काही नाही. गुण देणाऱ्यांना जे कमीपणाचं वाटलं तेच त्यात खरं होतं. पहिला वर्ग घेऊन तुमचं नाव काढलं असतं तर आज मी एम.एस्सी.च्या वर्गात बसलो असतो आणि कुणी विचारलं असतं, हे कुठे शिकलास, तर खोटं बोललो असतो. ते मला जमलं नसतं. उद्या पुन्हा तीच वेळ आली तरी मी तेच करेन. रागवायचं असेल तर यावर रागवा.

काल इथे एका दवाखान्यात मशीन बंद पडलं होतं. नवीन मुलगी होती कामाला. ती म्हणाली, काही नाही दिसत. मी म्हणालो, काही नाही असं नसतं. माझ्याच तोंडून तुमचं वाक्य ऐकून मी दचकलो. आता हे वाक्य साताऱ्यात पोचलंय, ते तुम्हाला परत घेता येणार नाही.

प्रोजेक्टची एक प्रत कॉलेजच्या वाचनालयात आहे. बदलायची नाही म्हणून मी ग्रंथपालांना सांगून आलोय. तुमचा माणूस पाठवून पान फाडून आणलंत तर माझ्याकडे आणखी तीन प्रती आहेत.

येत्या शुक्रवारी मी रजा घेतली आहे. अडीचला येतो. पुढच्या वर्षीच्या एका प्रोसेसरबद्दल मी एक बातमी वाचली आहे आणि मला ती खोटी वाटते, पण का खोटी ते कळत नाही. तुम्हाला कॅबिनेटकडे बघून कळेल. दार लावून घेतलंत तर मी पायरीवर बसून मोठ्याने सांगेन. सगळा बाजार ऐकेल आणि तुम्हालाही ऐकावंच लागेल.

तुमचा,
दुसऱ्या वर्गातला