बुरुजावरचा पांढरा

माझ्या काकाची नजर गेली, असं आमचा अख्खा कोळीवाडा काही वर्षं समजत होता. त्याची नजर शाबूत होती. चूक माझी होती, आणि ती मी लपवली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी अंधेरीला कॉलेजात होतो. वडील मासेमारी सोडून ऑफिसात लागलेले, आणि मला होडीत पाय ठेवला की उलट्या व्हायच्या. समुद्राशी माझा संबंध जेवणाच्या ताटापुरता. त्या वर्षी मात्र मला गावाच्या इतिहासाचं वेड लागलं. शिमग्याला देवळाच्या ओट्यावर प्रदर्शन मांडायचं ठरवलं. कुणाच्या माळ्यावरचा होडीचा गंजका नांगर, कुणाच्या घरातलं शिडाचं कापड, जे मिळेल ते मी गोळा करत सुटलो. झोपच लागत नसे.

कुर्ल्याचा माझा वर्गमित्र मदतीला आला आणि खाडीच्या तोंडावरचा बुरुज बघून ओरडलाच, "यार, तुमच्याकडे किल्ला आहे आणि तू बोलला नाहीस?"

"कसला किल्ला? शेळ्या चरतात तिथं."

बुरुजाच्या समुद्राकडच्या अंगाला चुन्याचा मोठा पट्टा होता. पावसाळा संपून होड्या पाण्यात उतरल्या की काका तो दरवर्षी नव्याने रंगवायचा. मला वाटे, देवाचं काही असेल. विचारावंसंही वाटलं नाही. त्या सकाळी एका कोपऱ्यात चुन्याचा पोपडा सुटला होता आणि खालच्या दगडात एक कोरलेली रेघ दिसत होती. मित्राने नखाने खरवडलं. रेघ पुढे वळली.

"अरे, शीड आहे! शीड!"

मग आम्हाला थांबवणं देवालाही जमलं नसतं. काथ्या, तारेचा ब्रश, खोबरं खरवडायची खवणी, हाताला लागेल त्याने आम्ही घासत होतो. डोलकाठी निघाली. दोर निघाले. पाण्याच्या लाटाही कुणीतरी कोरल्या होत्या. गलबत! आमच्या गावाचं गलबत! आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या, नाचलो, आणि आणखी काही सापडेल म्हणून अख्खा पट्टा खरवडून काढला. भिंत काळी ठिक्कर झाली.

प्यायला पाणी आणायला मी धावत खाली आलो. काकी वाळत घातलेले बोंबील उलटत होती, पण लक्ष सगळं समुद्राकडे. काकाची होडी लांब पाण्यात इकडून तिकडे फिरत होती.

"असा काय भटकतोय ह्यो?" काकी म्हणाली. "ताड आन् बुरुजावरचा पांढरा एका रेषेत आला की खाली आपल्या जाळ्याचा खुंट. डोळे मिटून जातो तिथं. भरतीचं पाणी फिरायच्या आत जाळं उचलाय पायजे, न्हायतर फाटतंय."

ते जाळं तिने पावसाळाभर ओटीवर बसून विणलं होतं.

तो पांढरा आम्हीच पुसला होता. काकाच्या खोपटात भिजवलेल्या चुन्याचं पिंप होतं. बादल्या भरून मी बुरुजावर पळालो. गलबत पुन्हा चुन्याखाली गेलं. मित्र म्हणत होता, "सांगून टाकू या ना रे." मी त्याला शपथ घातली. आमचा चुना लागेपर्यंत पाणी फिरलं होतं.

काका फाटक्या जाळ्याचा तुकडा घेऊन परतला. "पांढरा नव्हता," तो म्हणाला. "मी सांगतो ना, नव्हता." बरोबरचे दोन्ही खलाशी नवे. कुठे बघायचं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. बाकीच्या घरांच्या खुणा वेगळ्या, त्यामुळे दुसरं कुणी तिकडे बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी चार नाखवे होडीतून बघून आले. पट्टा लखलखत होता.

"नाखवा, आता चष्मा लाव!"

"बायकोला तरी वळखतोस ना रे?"

काका अंधेरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाला, डोळे उत्तम आहेत. काकाचा विश्वास बसला नाही. त्याने सुकाणू जावयाच्या हाती दिलं आणि स्वतः किनाऱ्यावर बर्फ फोडायला लागला. प्रदर्शन जोरात झालं. माझं कौतुकही झालं. बुरुजाबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

मग काही वर्षांनी एक नारळी पौर्णिमा आली. बॅन्ड वाजत होता, होड्या पताकांनी सजल्या होत्या, बाया जरीची लुगडी नेसून नाचत होत्या. मीसुद्धा घामाघूम होऊन नाचत होतो. वयाचा मान म्हणून सोन्याच्या कागदात गुंडाळलेला नारळ काकाच्या हातात दिला गेला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "काका, समुद्र समोर हाय! भटजीच्या डोक्यावर नको घालू!"

सगळे खदखदून हसले. काकाही हसला आणि त्याने नारळ गुपचूप जावयाकडे सरकवला.

मी बॅन्डवाल्याच्या ढोलावर हात ठेवून ढोल थांबवला. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हणालो, "त्या दिवशी बुरुजावर पांढरा नव्हता. मी खरवडला होता, आणि घाबरून मीच परत चुना फासला. काका, तुला बरोबर दिसलं होतं. काकी, तुझं जाळं माझ्यामुळे गेलं. काका, एवढी वर्षं गावाला तुझ्यावर हसू दिलं मी. मला माफ करा."