काजव्याची रक्ततपासणी

चित्रपटगृहातल्या डोअरकीपरला सगळे काजवा म्हणत. अंधारात टॉर्च दाखवून लोकांना खुर्चीवर बसवण्यात त्याची हयात गेली. अलीकडे मात्र टॉर्चच्या उजेडापलीकडे त्याला काही दिसेना. नोकरी जाईल म्हणून तो हे लपवत होता. एकदा खुर्ची रिकामी समजून त्याने एका बाईंना आजोबांच्या मांडीवरच बसवलं. बाई किंचाळल्या, आजोबा मात्र गप्प राहिले.

हे ऐकून बायको हसली नाही. "अहो, उद्या जिन्यावरून स्वतः पडाल," म्हणत तिने त्याला दवाखान्यात नेलं.

"दोन वेळ पोटभर जेवतो, मला कसली कमी?" काजवा कुरकुरला.

"आतड्याचं ऑपरेशन झालंय ना? खाल्लेलं अंगी लागत नसेल. जीवनसत्त्व अ तपासू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

उजेडाने नमुना बिघडतो म्हणून नर्सने रक्ताची ट्यूब चंदेरी कागदात गुंडाळली.

"म्हणजे ह्यालाही अंधारातूनच न्यायचं," काजवा पुटपुटला.

जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेलं निघालं. "आणखी लपवलं असतंत, तर डोळे कायमचे गेले असते," असं बजावून डॉक्टरीणबाईंनी उपचार सुरू केले.

काही आठवड्यांनी, सिनेमा चालू असताना, मागच्या रांगेतली बायको त्याला टॉर्चशिवाय दिसली. ती पडद्याकडे नव्हे, त्याच्याकडेच बघत होती.